ऐकणाऱ्यांची पंगत

श्रोतेहो, आपल्या घरीं कांहीं कार्य निघालें म्हणजे पहिली पंगत कोणाची असते, हें सांगावयास नको. देवाचा नैवेद्य झाला कीं आधीं मुलांचीं पानें मांडावयाचीं, मग इतरांचीं. मुलांना भूक आवरत नाहीं, हें त्याचें एक कारण. पण जें उत्तम असेल तें ऊन ऊन असतांनाच त्यांच्या पानांत पडावें, ही मायाहि त्याच्यामागें असते. आज मी ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहें, तो अशाच एका पंगतीचा आहे. तिच्यांत पाट नाहींत, केळीचीं पानें नाहींत. वाढणाऱ्याच्या हातांत फक्त एक पोथी किंवा पुस्तक असतें. चारचौघांच्या मेळाव्यांत लहान मुलांना मोठ्यानें वाचून दाखविणें, ह्या साध्या आनंदाचा हा थोडासा इतिहास आहे.

आपली भाषाच ह्या बाबतींत पहिली साक्ष देते. 'वाचणें' हें क्रियापद 'वाच्', म्हणजे वाणी, ह्या संस्कृत शब्दाच्या कुळांतलें आहे. ज्याचें ज्ञान विस्तृत त्याला आपण 'बहुश्रुत' म्हणतों. म्हणजे ज्यानें पुष्कळ ऐकलें आहे असा. नवविधा भक्तींतहि श्रवणाचा क्रम पहिला. डोळ्यांनीं मुकाट्यानें पान संपविण्याची रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, मोठ्यानें वाचणारा मनुष्य एक तर नवशिका असावा, नाहीं तर म्हातारा असावा, असें आपणांस वाटूं लागलें आहे. पूर्वीं गोष्ट उलट होती. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, हाच ग्रंथाचा राजमार्ग होता. आणि त्या अनेकांत मुलें होतीं.

श्रावण महिन्याचें नांव श्रवण नक्षत्रावरून पडलें आहे, श्रवणाच्या क्रियेवरून नव्हे. पण आमच्या घरीं मात्र हा महिना ऐकण्याचाच असे. दुपारचीं कामें आटोपलीं कीं ओसरीवर चौरंग मांडला जाई. तांबड्या रुमालांत बांधलेली पोथी सोडली जाई, सुटीं पानें एकेक करून उलटलीं जात, आणि घरांतलें कोणी वडील माणूस ओव्या चालीवर वाचूं लागे. चार ओव्या झाल्या कीं थांबून त्यांचा अर्थ सांगावयाचा, मग पुढें जावयाचें. भोंवतीं आळींतल्या बायका वाती वळीत बसत. आणि त्यांच्या आडून, कोणी आईच्या मांडीवर, कोणी खांबाला टेकून, आम्हां पोरांची सेना. आम्हांला कोणी मुद्दाम बोलावीत नसे आणि कोणी हांकलीतहि नसे.

त्या चौरंगावर बहुतेक वेळां श्रीधर कवीचें राज्य असे. पंढरपुराकडच्या नाझरें गांवच्या ह्या कवीनें 'हरिविजय' १७०२ सालीं, 'रामविजय' १७०३ सालीं, 'पांडवप्रताप' १७१२ सालीं आणि 'शिवलीलामृत' १७१८ सालीं पुरें केलें. त्याच्या मागून ताहराबादच्या महिपतीनें १७६२ मध्यें 'भक्तविजय' लिहून संतांच्या कथांची अशीच सोय करून ठेवली. पंडितांनीं श्रीधराला मोरोपंतांच्या शेजारचा पाट दिला नाहीं. पण मोरोपंत समजावयास शिकावें लागतें. श्रीधर समजावयास नुसतें बसावें लागतें. ओवी हा छंदच मुळीं बोलण्याच्या जवळचा. तीन चरण यमकानें बांधलेले आणि चौथा आंखूड व मोकळा. तीन पावलें टाकावींत आणि चौथ्याला विसांवा घ्यावा, असा. मुलाला एखादा शब्द कळला नाहीं तरी चरण कोठें टेकणार हें कळतें, आणि तेवढ्या आधारावर तें पुढच्या ओवीपर्यंत तरून जातें. कंसाच्या कारागृहाचें कुलूप केव्हां गळून पडणार, हें आम्हांला पाठ होतें. तरीहि तो भाग आला म्हणजे आम्ही श्वास रोखून धरीत असूं. माहीत असलेल्या गोष्टीची उत्कंठा वाटणें, हा मुलांच्या ऐकण्याचा खास धर्म आहे.

पोथी झाली तरी ती मोठ्यांसाठीं. मुलें तेथें आगंतुक. परंतु श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीचें पूजन असे, तें लेंकरांच्याच कल्याणासाठीं. हातांत अक्षता घेऊन सर्वांनीं कहाणी ऐकावयाची, असा त्याचा परिपाठ. तें आटपाट नगर, तो राजा, त्याच्या राण्या, आणि उपाशी राहूनहि दुसऱ्याला घांस देणाऱ्या त्या गरीब बाया, हीं सारीं आमच्या ओळखीचीं माणसें होतीं. ह्या कहाण्या आधीं तोंडोतोंडीं चालत. छापखाने निघाल्यावर त्यांच्या स्वस्त चोपड्या झाल्या, आणि आजी जें आठवणींतून सांगे तेंच सून चोपडींतून वाचूं लागली. सांगितली काय किंवा वाचली काय, कहाणी सुफळ संपूर्णच व्हावयाची. मुलाच्या दृष्टीनें दोहोंत फारसा भेद राहिला नाहीं. फरक पडला तो एवढाच कीं, कागदावरच्या ज्या काळ्या मुंग्यांतून आईचा आवाज निघतो, त्या मुंग्या आपल्यालाहि ओळखतां आल्या पाहिजेत, अशी ओढ त्याला लागली. अक्षरओळखीची ह्याहून चांगली पूर्वतयारी कोणत्या शाळेला साधली असेल, असें मला वाटत नाहीं.

परंतु, श्रोतेहो, चित्र एवढ्यावरच सोडलें तर तें गोड होईल, खरें होणार नाहीं. ह्या ओसरीवर गांवांतलीं सगळींच मुलें बसत नसत. शिवाशिवीच्या रूढीनें कित्येकांना अंगणाच्याहि पलीकडे ठेवलें होतें, आणि देवळांतल्या पुराणाचा तर त्यांना उंबरठाहि लाभत नव्हता. मुलींना ऐकण्याची मोकळीक होती. पण पोथी स्वतः हातीं घेऊन वाचण्याची गोष्ट निघाली कीं भुंवया वर चढत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांनीं केवळ अक्षरें शिकविलीं नाहींत. पिढ्यानुपिढ्या जी नुसती ऐकणारीण होती, तिला वाचणारीण केलें. पुढें खेड्यापाड्यांच्या चावडीवर 'केसरी' किंवा मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' मोठ्यानें वाचला जाऊं लागला, आणि ज्यांच्या घरांत पुस्तक कधीं आलें नव्हतें, अशांचीं मुलेंहि पायरीवर बसून तें ऐकूं लागलीं. ऐकणाऱ्यांची पंगत म्हटली कीं तिच्यांत कोणाचें पान मांडलें जातें आणि कोण बाहेर उभें असतें, हा प्रश्न तिच्या इतिहासांतून काढून टाकतां येत नाहीं.

आतां छापील पुस्तकाकडे वळूं. मराठी मुलांसाठीं छापलेल्या पुस्तकांचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, दूर तंजावरास झाला. तेथील सरफोजी राजांच्या आश्रयानें १८०६ सालीं इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावलि' ह्या नांवानें मराठींत निघाल्या. मुंबईंत सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना लोक बापू छत्रे म्हणून ओळखत, त्यांनीं १८२८ सालीं 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' हीं भाषांतरें सिद्ध केलीं. 'बाळमित्रा'चें मूळ बर्कां ह्या फ्रेंच लेखकाचें. तें इंग्रजीच्या वाटेनें मराठींत आलें. त्यानंतर नियतकालिकें आलीं: अमेरिकन मिशनचा 'बालबोधमेवा' १८७३ सालीं, विनायक कोंडदेव ओक ह्यांचें 'बालबोध' १८८१ सालीं, आणि वासुदेव गोविंद आपटे ह्यांचा 'आनंद' १९०६ सालीं. ओकांनीं तर तीस वर्षांहून अधिक काळ, १९१४ मध्यें देह ठेवीपर्यंत, आपलें मासिक एकहातीं चालविलें. ह्या मंडळींचें ऋण फेडणें आपल्याला शक्य नाहीं.

तथापि ह्या नव्या पुस्तकांबरोबर एक नवा पाहुणा घरांत शिरला. त्याचें नांव तात्पर्य. कोल्ह्याला द्राक्षें मिळालीं नाहींत, ह्याची मौज मुलाच्या चेहऱ्यावर उमटते न उमटते तोंच खालीं तात्पर्याची ओळ हजर, आणि तिच्या मागोमाग पंतोजींचा प्रश्न: 'ह्यावरून काय शिकलास?' कहाणीलाहि बोध होता. नव्हता असें नव्हे. उतूं नये, मातूं नये, हें आम्ही कहाण्यांतूनच शिकलों. पण तो बोध कहाणींत मुरलेला होता, लोणच्यांतल्या मिठासारखा. वरून भुरभुरलेला नव्हता. शिवाय पोथी एक आणि ऐकणारे अनेक, ह्याच्या जागीं आतां पुस्तक एक आणि वाचणारा एक, असें झालें. मूल हुशार झालें, कोपऱ्यांत बसून भराभर वाचूं लागलें, आणि ओसरी हळूहळू रिकामी झाली. शाळेंत मोठ्यानें वाचणें उरलें, परंतु तें परीक्षेपुरतें; चुकलें तर छडी, न चुकलें तर खालीं बसावयाचें.

ग्रंथालयांनीं ही ओसरी पुन्हां भरावयास हवी होती. आपल्याकडे त्यांची परंपरा लहान नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, पुण्याचें १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें आणि मुंबईचें १८९८ सालचें. परंतु ह्या संस्था निर्माण झाल्या त्या प्रौढ वाचकांसाठीं, आणि 'शांतता राखा' ही त्यांच्या भिंतीवरची पहिली आज्ञा. जेथें बोलावयाचें नाहीं तेथें मुलाचें काय काम?

नेमक्या ह्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंत, कांहीं स्त्रिया ही आज्ञा मोडण्याच्या उद्योगास लागल्या होत्या. ब्रुकलिन येथील प्रॅट संस्थेच्या ग्रंथालयांत १८९६ सालीं मुलांसाठीं एक स्वतंत्र खोली उघडली, आणि ॲन कॅरोल मूर ह्या बाईंनीं ती हातीं घेतली. पोलादाच्या भट्ट्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्ग शहरांत, कार्नेगी ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख फ्रान्सिस जेन्किन्स ऑल्कॉट ह्यांनीं १८९९ सालीं 'गोष्टीचा तास' सुरू केला. ठरलेल्या दिवशीं, ठरलेल्या वेळीं मुलांनीं यावें, गोष्ट ऐकावी, आणि त्या गोष्टीचें पुस्तक कपाटांत कोठें आहे हें पाहून तें घरीं न्यावें, अशी ती साधी योजना होती. मूर बाई १९०६ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत गेल्या आणि त्या शहराच्या शाखाशाखांतून त्यांनीं हाच प्रघात पाडला. तेथें गोष्टीच्या वेळीं मेणबत्ती लावीत, आणि गोष्ट संपली कीं मुलें मनांत एखादी इच्छा धरून ती विझवीत. आपल्याकडे कहाणीपुढचा दिवा फुंकर मारून विझविणें कोणाला रुचणार नाहीं. पण ऐकण्याच्या जागीं एक ज्योत असावी, हें दोघांनाहि सुचावें, ह्याची मोठी गंमत वाटते.

ह्या बायकांची गुरु म्हणतां येईल अशी एक इंग्रज शिक्षिका होती, मेरी शेडलॉक. १९०० सालीं ती अमेरिकेंत आली आणि हान्स अँडरसनच्या गोष्टी सांगत शहरोशहरीं फिरली. १९१५ सालीं तिनें कथाकथनाच्या कलेवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत तिनें सांगणाऱ्यांना इशारा दिला आहे कीं, गोष्टींत फार समजावून सांगूं नका, आणि गोष्ट संपल्यावर मुलांना प्रश्न विचारीत बसूं नका. आमच्या पंतोजींनीं हें वाचावयास हवें होतें!

ह्याच न्यूयॉर्कमधली आणखी एक हकीकत मला विशेष मोलाची वाटते. प्वेर्तो रिको ह्या बेटावरून आलेली पुरा बेलप्रे नांवाची तरुणी १९२१ सालीं हार्लेम भागांतल्या शाखेंत कामाला लागली. तिच्या देशाचे लोक त्या शहरांत वस्तीला येऊं लागले होते. त्यांची भाषा स्पॅनिश. त्यांच्या मुलांना ग्रंथालयाचें दार उघडें होतें. पण आंत जी पुस्तकें होतीं त्यांत त्यांच्या आजीची एकहि गोष्ट नव्हती. बेलप्रेनें आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली, एक झुरळीण व तिचा उंदीर नवरा ह्यांची गोष्ट मुलांना सांगितली. पुढें १९३२ सालीं तीच गोष्ट पुस्तकरूपानें छापली गेली. तिनें इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येंहि गोष्टी सांगावयास आरंभ केला, आणि सहा जानेवारीचा तीन राजांचा सण ग्रंथालयांत साजरा होऊं लागला. तेव्हां, आजवर दाराशीं घुटमळणाऱ्या आया मुलांचे हात धरून आंत आल्या असतील, ह्यांत नवल तें काय? आपल्या घरांतली गोष्ट परक्या शहराच्या चौरंगावर मानानें वाचली जाते, हें पाहणाऱ्या मुलाला ताठ मानेनें बसावेंसें वाटतें. ही गोष्ट चिऊकाऊच्या घरांत वाढलेल्या आपल्याला फोड करून सांगावयास नको.

अमेरिकेचा हा वारा महाराष्ट्राच्या एका पुत्रानेंच हिंदुस्थानांत आणला. नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणें गांवचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोंवर त्याला अक्षरओळखहि नव्हती. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनीं १९०६ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, आणि अमेरिकेंतलीं ग्रंथालयें पाहून आल्यावर १९१० सालीं विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेतलें. बॉर्डन १९१३ पर्यंत तेथें राहिले. त्या अवधींत मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें, आणि गांवोगांव पुस्तकांच्या पेट्या हिंडूं लागल्या. स्त्रिया व मुलें ह्यांची निराळी सोय त्या ग्रंथालयांत झाली. ज्या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत पुस्तक वाचतां येत नव्हतें, त्यानेंच दुसऱ्यांच्या मुलांसाठीं पुस्तकांचीं दारें उघडावींत, ह्यांत मला एक न्याय दिसतो. भुकेची आठवण असलेला यजमान पंगतींत कोणाला विसरत नाहीं.

पण महाराष्ट्राला मुलांच्या पंगतीचा खरा वाढपी लाभला तो साने गुरुजींच्या रूपानें. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून सहा वर्षें ते शिक्षक होते, आणि छात्रालयांतल्या मुलांसाठीं रोज स्वतःच्या हातानें एक दैनिक लिहून काढीत असत. १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. ह्या पुस्तकाच्या बांधणीकडे आपण क्वचितच लक्ष देतों. त्यांत प्रकरणें नाहींत, रात्री आहेत: एकूण बेचाळीस रात्री. सायंप्रार्थना झाल्यावर श्याम बोलतो आणि भोंवतालची मंडळी ऐकतात. म्हणजे हें पुस्तक मुकाट्यानें वाचण्यासाठीं रचलेलेंच नाहीं. तें ऐकणाऱ्यांच्या मेळाव्यासाठीं रचलेलें आहे. ज्या घरांत तें रोज एक रात्र ह्या मापानें वाचलें गेलें, तेथें वाचणाऱ्याचा कंठ दाटून आल्यामुळें पुस्तक दुसऱ्याच्या हातीं द्यावें लागलें, असा अनुभव आपल्यापैकीं कित्येकांना असेल. मुलांच्या देखत मोठ्या माणसाचा आवाज फुटणें, हाहि शिक्षणाचाच भाग आहे. तो धडा मुक्या वाचनांत मिळत नाहीं.

आणि हाच कथेकरी १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरीं प्राणांतिक उपोषणास बसला, तो विठ्ठलाचें देऊळ हरिजनांना उघडें व्हावें म्हणून. मंदिर उघडलें. मुलांना गोष्टी सांगणें आणि उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्यांसाठीं उपाशी बसणें, हीं दोन निराळीं कामें नव्हेत, असें मी मानतों. ऐकणाऱ्यांच्या पंगतींत ज्याला कोणी उपाशी राहिलेलें पाहवत नाहीं, त्याच्या हातूनच दुसरें काम घडतें. १९५० सालीं गुरुजी गेले. त्यांच्या मागें १९५१ पासून त्यांच्या नांवाची कथामाला सुरू झाली, आणि शाळाशाळांतून गोष्टींचे मेळावे भरूं लागले.

त्याच सुमाराला ताराबाई मोडक निराळ्या वाटेनें चालल्या होत्या. दादरला १९३६ सालीं शिशुविहार काढणाऱ्या ह्या बाईंनीं १९४५ सालीं शहर सोडून बोर्डीला बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. १९५७ सालीं दोघीजणी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणांत नेली. गाणें, गोष्ट, खेळ आणि स्वच्छता, सारें त्या अंगणांत. 'अंगणवाडी' ह्या शब्दाचा जन्म तेथला. पुढें १९७५ सालीं भारत सरकारच्या बालविकास योजनेनें तो सबंध देशभर नेला. देवळाच्या उंबरठ्यापासून अंगणापर्यंत पंगत अशी सरकत सरकत मुलापाशीं येऊन पोंचली.

आतां ह्या थोरांच्या यादीनंतर माझी एक फजिती सांगतों, म्हणजे विषय जमिनीवर येईल. आमच्या आळीच्या गणेशोत्सवांत एके वर्षीं मुलांसाठीं वाचनाचा कार्यक्रम ठरला आणि तो माझ्याकडे आला. मी मोठ्या विचारानें एका किल्ल्याचें सुंदर वर्णन निवडलें, आणि पुस्तकांत डोकें खुपसून वाचूं लागलों. पांच मिनिटांत पुढची रांग एकमेकांच्या शेंड्या ओढूं लागली. दहाव्या मिनिटाला एका चिरंजीवांनीं खणखणीत आवाजांत विचारलें, "प्रसाद केव्हां आहे?" मी घाम पुसला. तेवढ्यांत शेजारच्या काकू जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, जरा पुस्तक खालीं घ्या. मुलांना तुमचें तोंड तरी दिसूं दे." आणि मग त्याच खालीं बसल्या, एका पोराला मांडीवर घेतलें, आणि पावसांत भिजलेल्या कावळ्याची गोष्ट सुरू केली. चिमणीनें दार उघडावयास उशीर लावला कीं सगळा मांडव श्वास रोखी. ज्या पोरानें प्रसाद मागितला होता तेंच सर्वांत पुढें सरकून बसलें होतें.

दुसऱ्या संध्याकाळीं मी शहाणा होऊन गेलों. किल्ला सोडला नाहीं. पण वर्णन गाळलें आणि वर चढणाऱ्या माणसांपासून आरंभ केला. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटीं मान वर करून मुलांकडे पाहूं लागलों. पाहूं लागलों म्हणूनच मला दिसलें कीं, मांडवाच्या दोरीपलीकडे सहासात वर्षांची एक मुलगी उभी आहे. आळींत धुणींभांडीं करणाऱ्या बाईची ती मुलगी; आईचें काम संपेपर्यंत ती तेथें थांबे. आदल्या दिवशींहि ती तेथेंच उभी असली पाहिजे. माझें डोकें पुस्तकांत असल्यामुळें मला ती दिसली नव्हती. "ये ना, आंत ये, बाळ," असें मी म्हटलें. तिनें आधीं मांडवांतल्या मोठ्या माणसांकडे पाहिलें. काकूंनीं सरकून जागा केली. ती बसली. वीस मिनिटें ती हललीहि नाहीं. दोर तुटतो त्या ठिकाणीं मी मुद्दाम थांबलों, तेव्हां सगळ्यांच्या आधीं तिचाच आवाज आला, "आणि मग?"

श्रोतेहो, वाचून दाखवणाऱ्याला ह्याहून मोठी दक्षिणा नाहीं. पण त्या दोन शब्दांच्या आनंदाबरोबर मला लाजहि वाटली. शंभर सव्वाशें वर्षें आपण पंगत मोठी करीत आलों असें मघापासून मी सांगत आहें, आणि माझ्याच मांडवाला एक दोरी होती व ती मला दिसत नव्हती.

म्हणून शेवटीं फक्त एवढीच विनंति. घरोघरीं पुस्तकें पुष्कळ झालीं आहेत, चित्रांचे व आवाजांचे नवे नवे पडदे मुलांच्या हातीं आले आहेत; त्यांना नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण यंत्र गोष्ट सांगतें तेव्हां मूल 'आणि मग?' म्हणालें काय, न म्हणालें काय, त्याला सारखेंच. तें मुलाकडे पाहून थांबत नाहीं. हें काम माणसाचें आहे. तुमच्या गल्लींत उत्सव असेल, वाचनालयाचा वाढदिवस असेल, कोजागिरी असेल. दहा मुलें जमतील तेथें एक पुस्तक घेऊन बसा. आधीं घरीं एकदां वाचून पाहा. आवाज फार चढवूं नका. नाटक करण्याची गरज नाहीं. मुलें जी भाषा घरीं बोलतात तिला हंसूं नका, जमल्यास तिच्यांतलीच एखादी गोष्ट आधीं घ्या. तात्पर्य सांगूं नका. असेल तर तें आपोआप मुरेल. आणि वाचतां वाचतां मधून मधून मान वर करा. समोरच्या मुलांचे डोळे पाहण्यासाठीं तर कराच. पण दोरीपलीकडे कोणी उभें आहे काय, हें पाहण्यासाठींहि करा. तेथें कोणी असेल तर वाचन क्षणभर थांबवा आणि आणखी एक पान मांडा. गोष्ट तेवढा वेळ थांबते.